तलावपाळीत पाली नसतात : ठाण्यातल्या बालवाडीचालकांना खुलं पत्र

प्रति,
ठाणे शहरातल्या पूर्वप्राथमिक शाळांचे विश्वस्त, संचालक आणि मुख्याध्यापिका यांस,

सप्रेम नमस्कार.

मी नौपाड्यातल्या एका बालवाडीत 31 वर्षं शिकवलं. निवृत्त होऊन आता बराच काळ लोटलाय. आता माझं काम एकच, नातीला शाळेतून आणायचं आणि वाटेत तिच्या शंभर प्रश्नांना उत्तरं द्यायची. नात साडेचार वर्षांची आहे, ज्युनिअर केजीत. शाळा घोडबंदर रस्त्यावरची. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार त्या एका शाळेची नाही. पुढच्या जूनपर्यंत तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या दारात तोच विक्रेता बोलक्या रोबोची तीच पेटी घेऊन उभा राहणार आहे. काहींच्या दारात तो येऊनही गेला असेल.

दिवाळीनंतर नातीच्या वर्गात रोबो आला. गुडघ्याएवढा, पांढरा, डोळ्यांच्या जागी निळे दिवे. मुलांनी त्याला 'रोबोदादा' म्हणायचं, असं शाळेनंच ठरवून दिलं. त्यानंतरच्या एका रविवारी संध्याकाळी आम्ही तिघं तलावपाळीवर, मासुंदा तलावाच्या काठी, गेलो. मी, नात आणि तिचे आजोबा. एरवी ही पोर बोटींकडे बघायला कठड्याला लटकते. त्या दिवशी ती माझा पदर धरून मागे राहिली. काय झालं विचारलं तर म्हणाली, "आजी, इथं पाली आहेत."

आधी मला वाटलं, कुठं तरी पाल दिसली असेल. मग उलगडा झाला. रोबोदादानं वर्गात मासुंदा तलावाचं चित्र दाखवून सांगितलं होतं, "हे आहे तलावपाली." त्याला 'ळ' म्हणता येत नाही. कमळाला तो कमल म्हणतो, बाळाला बाल. आता आमच्याकडे पाल म्हणजे भिंतीवरची. तेव्हा तलावपाली म्हणजे काय, हे पोरीनं स्वतःच्या डोक्यानं लावलं. तिचा तर्क चोख होता, मला कौतुकच वाटलं. मी म्हटलं, "अगं, पाली नाही, पाळी. पाळ म्हणजे काठ." ती म्हणाली, "नाही, रोबोदादाला सगळं येतं."

तिचे आजोबा पुढे झाले. त्यांचा जन्म ठाण्याचा, शाळा ठाण्यातली, लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा फिरायला आलो तेही इथंच, कोपिनेश्वराला हात जोडून. त्यांनी हे सगळं तिला सांगितलं. तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की एखाद्या म्हाताऱ्या माणसाची कीव यावी. ते बिचारे चणेवाल्याकडे वळले.

घरी येऊन मी हसले. रात्री मात्र झोप लागेना. चार वर्षांचं मूल 'ळ'चा 'ल' करतं, त्याचं मला काही वाटत नाही, अर्धी मुलं करतात, पुढे आपोआप सुधारतं. मला टोचत होतं ते दुसरंच. सख्खी आजी आणि सख्खा आजोबा एकीकडे, महिनाभर ओळखीचं यंत्र दुसरीकडे, आणि पोरीनं क्षणभरही विचार न करता पारडं यंत्राकडे झुकवलं. कशावरून?

माझी भाची मानसशास्त्र शिकलेली आहे. तिला फोन केला तर ती म्हणाली, "मावशी, यावर लोकांनी प्रयोग केलेत." तिनं काही शोधनिबंध पाठवले. इंग्रजी जिथं अडलं तिथं तिला पुन्हा फोन केला. फोनचं बिल जावई भरतो, त्यामुळे संशोधन निवांत झालं.

त्यातला एक प्रयोग तुमच्यापुढे ठेवते, कारण तो वाचताना मला वर्गच डोळ्यांसमोर दिसला. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या कॉनकॉर्डिया विद्यापीठात झालेला, 2023 साली छापून आलेला. तीन वर्षांची काही मुलं, पाच वर्षांची काही मुलं. त्यांना पडद्यावर एक तरुण बाई आणि शेजारी 'नाओ' नावाचा छोटा रोबो दाखवला. समोर मुलांच्या ओळखीच्या वस्तू. रोबो सगळ्यांची नावं बरोबर सांगतो. बाई मुद्दाम चुकते, गाडीला पुस्तक म्हणते, चेंडूला बूट आणि कपाला कुत्रा. हे झाल्यावर मुलांनी कधी न पाहिलेल्या वस्तू पुढे येतात. आता बाई आणि रोबो दोघंही प्रत्येक वस्तूला काहीतरी बनावट नाव देतात, 'मिडो', 'टोमा' असलं. मग मुलाला विचारायचं, या वस्तूचं नाव काय?

पाच वर्षांच्या मुलांनी रोबोनं दिलेलं नाव उचललं. तीन वर्षांच्या मुलांचा कौल कुणाकडेच नव्हता, निम्मे इकडे निम्मे तिकडे. नाओला डोकं, हात, पाय असतात, म्हणून मुलं भुलली असतील, असं वाटून संशोधकांनी पुन्हा प्रयोग केला. या वेळी माणसासारखा न दिसणारा, छोट्या ट्रकसारखा रोबो घेतला. निकाल तोच.

या प्रयोगावरून मुलांना बावळट ठरवू नका. उलटच आहे. मूल हिशेबी असतं. कोण खरं बोललं, कोण चुकलं, याची नोंद ते ठेवतं आणि पुढच्या वेळी ज्याचा हिशेब चोख त्याच्याकडे जातं. माणसांच्या बाबतीत हे 2004 सालापासून प्रयोगांनी दाखवलेलं आहे. तीन-चार वर्षांची मुलंसुद्धा आधी चुकलेल्या माणसापेक्षा आधी बरोबर असलेल्या माणसाकडून नवा शब्द घेतात. रोबोलाही ती हाच नियम लावतात, वेगळी सवलत देत नाहीत. निदान सुरुवातीला तरी देत नाहीत.

अडचण हिशेबाच्या वहीत आहे. मूल ताडून बघू शकतं ते फक्त त्याला आधीच माहीत असलेल्या गोष्टींवर. कप, गाडी, चेंडू. त्यावर यंत्र बरोबर निघालं की विश्वासाची अनामत जमा झाली. मग माहीत नसलेल्या गोष्टींवर यंत्र काहीही बोललं तरी ती अनामत खर्चायला मोकळी.

आता तुमच्या वर्गात काय चालतं ते आठवा. आजी-आजोबा दिवसाला मला नातीच्या वर्गात अर्धा तास बसू दिलं होतं. रोबोदादानं आधी काय दाखवलं? सफरचंद, कुत्रा, चेंडू, छत्री. मुलं ओरडून दुजोरा देत होती, टाळ्या वाजत होत्या. पाठोपाठ 'आपलं ठाणे' सुरू झालं आणि तलावपाली आली. विक्रेत्यानं मॉन्ट्रियलचा निबंध वाचला असेल असं मी म्हणत नाही. त्याला वाचायची गरजच नाही. सोप्यावरून अवघडाकडे जायचं ही आमचीच जुनी रीत, मीही जन्मभर तेच केलं. पण तिथं सोपं शिकवणारी आणि अवघड शिकवणारी बाई एकच होती, आणि ती चुकली तर मधल्या सुटीत पालक तिला गाठू शकत होते.

मीही चुकले आहे. वटवाघूळ पक्षी आहे असं मी एकदा वर्गात ठणकावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी एका मुलाचे वडील दारात उभे. बाई, ते पिल्लांना दूध पाजतं, त्याला पक्षी कसं म्हणता? मी वर्गात जाऊन मुलांना सांगितलं, काल माझं चुकलं. वर्गात जो आनंद पसरला तो गॅदरिंगलाही कधी पाहिला नाही. पुढे महिनाभर मी काहीही सांगितलं की मागून कुणीतरी विचारायचं, "बाई, नक्की ना?" त्या प्रश्नाचं मोल मला तेव्हा कळलं नव्हतं. वैतागच यायचा.

रोबोला "नक्की ना?" कोण विचारतं? मी त्या अर्ध्या तासात एकदाही ऐकलं नाही. आणि यापुढचं वाचून तर मी थक्क झाले. 2024 साली स्वीडनसह काही देशांतल्या संशोधकांनी तीन ते सहा वर्षांच्या 111 मुलांवर असाच प्रयोग छापला. त्यात माणूस आणि रोबो दोघंही सारखेच भरवशाचे असले तरी मुलांचा ओढा रोबोकडे. गुपित कुणाला सांगशील, मैत्री कुणाशी करशील, शिकायचं कुणाकडून, यातही रोबो पुढे. आणि कुणी चुकलं तर? माणसानं मुद्दाम केलं असं मुलांना वाटण्याकडे कल होता. रोबोला मात्र माफी. म्हणजे आमच्या ह्यांनी 'पाळी' म्हटलं ते पोरीच्या लेखी मुद्दाम चिडवायला म्हटलं असणार! त्यांना हे वाचून दाखवलं. त्यांनी चहा मागितला.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूनं सांगायला हवी. त्याच अभ्यासात थोडी मोठी मुलं, रोबो चुकत असेल आणि माणूस भरवशाचा असेल तर, माणसाकडे वळताना दिसली. वाट बंद नाही. पण ती वाट दाखवायला वर्गात भरवशाचं माणूस उभं असायला हवं, आणि मी पाहिलेल्या अर्ध्या तासात वर्गाच्या टीचर मागे उभं राहून मोबाइलवर व्हिडिओ काढत होत्या. पालकांच्या ग्रुपवर टाकायला. त्यांना दोष देत नाही, त्यांना तसं सांगितलं होतं. एवढंच म्हणते, की त्या दिवशी त्या शिक्षिका नव्हत्या, प्रेक्षक होत्या, आणि पंचवीस मुलांनी ते पाहिलं.

तुम्ही म्हणाल, मुलं मोठी झाली की कळेल. भाचीनंही मला हाच प्रश्न आधी विचारला होता, वाचायच्या आधी. मॉन्ट्रियलच्या तीन वर्षांच्या मुलांचा, रोबोच्या पोटात माणसासारखे अवयव असतात की यंत्र, इथंच गोंधळ होता. पाच वर्षांच्यांना पक्कं ठाऊक होतं की आत यंत्र आहे. आणि विश्वास टाकला तो पाच वर्षांच्यांनी. हे यंत्र आहे हे कळलं की मूल सावध होतं, हा आपला समज इथं लटका पडतो. इंग्लंडातल्या प्लीमथ विद्यापीठाचा 2018 सालचा प्रयोग तर सात ते नऊ वर्षांच्या मुलांवरचा आहे. कागदावरच्या रेघांतली सारख्या लांबीची रेघ ओळखायची, इतकं साधं. एकट्यानं बसवलं तेव्हा मुलांची 87 टक्के उत्तरं बरोबर आली. शेजारी तीन रोबो बसवून त्यांना एकमुखानं चुकीचं बोलायला लावलं, तर बरोबर उत्तरं 75 टक्क्यांवर उतरली, आणि चुकलेल्या उत्तरांतली जवळपास तीन चतुर्थांश थेट रोबोंचीच होती. मोठी माणसं याच प्रयोगात रोबोंना बधली नाहीत. मुलं स्वतःच्या डोळ्यांना दिसत असलेली रेघ सोडून रोबोच्या मागे गेली. तलावपाळी तर नुसता एक शब्द आहे.

आता 'दादा' या शब्दाबद्दल. आपल्याकडे दादा, ताई, काका, मावशी ही नुसती हाक नसते, तो दर्जा असतो. दादा म्हटलं की त्याचं ऐकायचं असतं. तीन-चार वर्षांच्या मुलाला आपण हे सांगत नाही, ते हाकेबरोबरच आत जातं. रिक्षावाल्या काकांना काका म्हणायला शिकवतो ते चांगलंच आहे, ते काका माणूस आहेत. पेटीला दादा म्हणायला लावणं म्हणजे तिला फुकटात वडीलकी देणं. रोबो म्हणा ना सरळ. नाव काढल्यानं सगळं भागेल असंही नाही, ट्रकच्या आकाराच्या रोबोवरही मुलांनी विश्वास टाकलाच होता. पण निदान आपण होऊन पाट मांडून बसवू नका.

विक्रेता तुम्हाला सांगेल की आमचा रोबो मुलांशी डोळे मिळवून बोलतो, ज्या मुलानं प्रश्न विचारला त्याच्याकडे मान वळवतो. बरोबर आहे, आणि त्याचं कारणही समजून घ्या. 2016 सालच्या एका अमेरिकी अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या मुलांपुढे दोन रोबो ठेवले होते. दोघंही सारखीच माहिती देत. एक मूल बोलत असताना नेमका त्याच्याकडे बघे, दुसरा भलत्याच वेळी भलतीकडे. मुलं माहिती घ्यायला बघणाऱ्या रोबोकडे जास्त गेली. मान वळवण्याचा आणि खरं बोलण्याचा काही संबंध नाही. मान एका मोटरनं वळते, उत्तर दुसरीकडून कुठून तरी येतं. बाईच्या बाबतीत या दोन गोष्टी एकाच माणसात असतात, म्हणून मुलाचा हा अंदाज पिढ्यान्पिढ्या कामाला येत गेला. यंत्रानं त्या दोन्हींची फारकत केली आहे आणि मुलाला ती कळायचा मार्ग नाही.

उत्तर कुठून येतं, हा प्रश्न तुम्ही विक्रेत्याला विचारलात का? दोन प्रकार असतात. एकात आधीच भरून ठेवलेली वाक्यं असतात, कुणीतरी बसून लिहिलेली. ती चुकीची असली तरी शोधून दुरुस्त करता येतात. दुसऱ्यात इंटरनेटवरून चॅटजीपीटीसारख्या मोठ्या भाषाप्रणालीकडे प्रश्न जातो आणि उत्तर तिथल्या तिथं तयार होतं. तोच प्रश्न उद्या विचारला तर वेगळं येऊ शकतं, आणि माहीत नसलं तरी ते ठामपणे येतं. चार वर्षांचं मूल बोलणाऱ्याचा चाचरलेला सूर पकडतं. बाई "बहुतेक... बघून सांगते हं" म्हणाली की मुलाला कळतं. ही यंत्रं चाचरत नाहीत.

हे अगदीच बालवाडीपुरतं आहे असं समजू नका. डिसेंबर 2021 मध्ये अमेरिकेत दहा वर्षांच्या एका मुलीनं घरातल्या बोलक्या स्पीकरला काहीतरी आव्हान दे म्हटलं. त्यानं सांगितलं, चार्जर भिंतीत अर्धवट खोच आणि उघड्या पिनांना नाणं लाव. आई शेजारीच होती म्हणून बरं. नोव्हेंबर 2025 मध्ये तिथल्याच एका ग्राहक संघटनेनं बोलणारी खेळणी तपासली, त्यात एक टेडी अस्वल मुलांना चाकू आणि काडेपेट्या कुठं सापडतील ते सांगत होतं. जर्मनीनं तर 2017 सालीच एका बोलक्या बाहुलीला, ती घरातलं बोलणं ऐकून बाहेर पाठवू शकते म्हणून, बंदी घातली होती.

आपल्याकडे काय आहे? 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. टोकदार कडा, रंगातलं शिसं, पेट घेणारा कपडा, विजेचा धक्का, हे सगळं मानकांमध्ये तपासलं जातं. खेळणं काय बोलतं, हे त्या मानकांत बसत नाही. मुलांचा आवाज आणि माहिती साठवायची तर पालकांची पडताळलेली संमती हवी, असं 2023 चा डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायदा म्हणतो, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. त्यात शाळांना शैक्षणिक कामापुरती काही सूट आहे, म्हणजे चेंडू पुन्हा तुमच्याकडेच. शिक्षणहक्क कायदा सहा वर्षांपासून पुढच्या मुलांचा, तुमची मुलं त्याच्या उंबरठ्याबाहेर. म्हणून हे पत्र मंत्रालयाला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. वर्गात कोण बोलणार, हे आजच्या घडीला खरोखर तुमच्या हातात आहे.

रोबो परत पाठवा असं मी म्हणत नाही. पैसे भरलेले आहेत, माहितीपत्रकावर फोटो छापलेले आहेत, मला व्यवहार कळतो. (ज्या शाळेत यंत्राच्या देखभालीचा करार वर्षभराचा आणि टीचरचा अकरा महिन्यांचा, तिथं जरा लाज वाटायला हवी, पण ते पत्र वेगळं.) मी मागते आहे ते इतकंच, की मुलांना रोबो चुकताना दिसू दे.

आठवड्यातून एकदा, ठरवून. टीचरनं घरून एखादी वस्तू आणायची, मुलांच्या ओळखीची आणि यंत्राच्या अनोळखी. सूप. केरसुणी. पुरणयंत्र. मोदकपात्र. खलबत्ता. पाटा-वरवंट्याचा फोटोही चालेल. रोबोला विचारायचं, हे काय? तो काहीतरी भलतं बोलेल, खलबत्त्याला फुलदाणी म्हणेल. वर्ग हसेल. मग टीचरनं मुलांनाच विचारायचं, खरं नाव काय, आणि मुलांनी ते रोबोला सांगायचं. मूल हिशेबी असतं असं मी वर म्हटलं, तर त्याच्या वहीत ही नोंदही पडू दे. यासाठी नवं सॉफ्टवेअर लागत नाही, स्वयंपाकघर लागतं.

आणि याच कारणासाठी, मुलाला रोबो ज्याबद्दल सांगणार आहे ती वस्तू आधी मुलाच्या हातात द्या. आम्हाला एकदा कोसबाडला नेलं होतं. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच होतं, आता पालघरमध्ये गेलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तिथं पानं, बिया, खडे, शंख घेऊन बालवाडी उभी केली. आम्हाला वाटायचं, गरिबीतून काढलेली ती युक्ती होती. आता वेगळं वाटतं. जे मूल चिंचोक्याशी खेळलंय त्याला चिंचोका म्हणजे काय हे कुणी फसवून सांगू शकत नाही. मॉन्ट्रियलच्या प्रयोगात मुलांनी कधी न पाहिलेल्या वस्तूंपैकी एक काय होती, माहीत आहे? सुतळीचा गुंडा. माझ्या वर्गात जांभळी नाक्यावरच्या एका वाण्याचा मुलगा होता, दुकानात पुड्या बांधताना बसून असायचा. त्याला जगातल्या कुठल्याही रोबोनं सुतळीला 'मिडो' म्हणून पटवून दाखवावं.

बाकीचं थोडक्यात. 'ळ' म्हणता येत नसेल तर ते यंत्र मराठी शिकवायला आलेलं नाही असं धरा, त्याला गाणी वाजवू दे. 'मला माहीत नाही, टीचरना विचार' हे वाक्य त्याला येतं का, ते खरेदीआधी तपासा, आणि येत असेल तर किती वेळा येतं ते बघा. महिनाभरात त्यानं मुलांना काय काय सांगितलं याची यादी मागा आणि ती पालकांना दाखवा. मधल्या सुटीत त्याचा माइक बंद ठेवा. एक सूचना पालकांनाही. घरी "रोबोदादाला विचार" म्हणून पोराला वाटेला लावू नका, मी माझ्या मुलीलाही हे सांगितलं, ती रागावली.

तलावपाळीचं मी अजून सोडलेलं नाही. परवा नातीचा कान हातात धरला आणि म्हटलं, ही कानाची काय? "पाळी," ती म्हणाली, कारण डूल घालताना तो शब्द ती रोज ऐकते. मग विहिरीच्या काठाला काय म्हणतात ते सांगितलं, तलावाच्या काठाला काय म्हणतात ते सांगितलं. तिनं दोन्ही कान चाचपले. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "रोबोदादाला कानाच्या पाळ्याच नाहीत." पटलं की नाही ते कळलं नाही. पण या रविवारी कठड्यापाशी आली. लटकली नाही, नुसती आली.

तुमच्यापैकी कुणाला हे सगळं म्हातारीचा कांगावा वाटत असेल तर एक तास द्या. तुमच्या सीनियर केजीत, तुमच्या रोबोसमोर, तुमच्या टीचर हजर असताना, मॉन्ट्रियलचा तो प्रयोग करून बघू. पालकांनाही बोलवा. कप, गाडी आणि चेंडू तुमच्याकडे असतीलच. सुतळीचा गुंडा मी जांभळी नाक्यावरून घेऊन येते.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका
नौपाडा, ठाणे